आकाशातल्या खरखरीशी झुंज

मध्यम लहरींवर आकाशवाणी ऐकत वाढलेल्या पिढीला वळिवाच्या दिवसांतला एक अनुभव चांगलाच परिचयाचा असेल. क्षितिजावर वीज लकाकली, की तिचा गडगडाट कानी येण्यापूर्वीच रेडिओतून खरखर उमटे आणि वृत्तनिवेदकाचे एखाद-दुसरे वाक्य तिच्यात विरून जाई. घरी बसून बातम्या ऐकणाऱ्याचे त्यात फारसे बिघडत नसे. परंतु ढगांच्या पोटात शिरलेल्या विमानाच्या वैमानिकाला जमिनीवरून सांगितलेली उंची किंवा दिशा याच खरखरीत बुडाली तर काय होईल? १९३० च्या दशकात अमेरिकेतील वैमानिकांपुढे हा प्रश्न रोजचा होता. त्या काळी मार्गदर्शनासाठी वापरल्या जाणाऱ्या रेडिओ लहरी कमी कंप्रतेच्या होत्या आणि विजेचा उपद्रव नेमका अशाच लहरींना सर्वाधिक होतो. परिणामी हवा स्वच्छ असताना रेडिओ उत्तम चाले आणि वादळात, जेव्हा त्याची खरी गरज असे, तेव्हाच तो दगा देई.

वीज म्हणजे निसर्गाने उभारलेले एक अवाढव्य रेडिओ प्रक्षेपण केंद्रच होय. तिच्या एका लोळातून उठणाऱ्या लहरी शेकडो किलोमीटर दूरच्या रेडिओसंचापर्यंत पोहोचतात. शिवाय विमान स्वतःही या गोंगाटात भर घालते. कोरडा हिम, बर्फाचे कण किंवा धूळ यांतून वेगाने जाताना घर्षणाने विमानाच्या अंगावर विद्युतभार साठतो आणि पंखांच्या टोकांतून तो निसटू लागला, की वैमानिकाच्या कानात नुसता फुत्कार ऐकू येतो. विमानाच्या पंखांच्या मागच्या कडेला बारीक काड्यांसारखे जे अवयव दिसतात, ते हा भार गुपचूप हवेत सोडून देण्यासाठीच असतात.

या खरखरीचा नायनाट करण्याचा ध्यास घेऊन एका माणसाने आपले उभे आयुष्य वेचले. त्याचे नाव एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. चंद्रावर पहिले पाऊल ठेवणाऱ्या नील आर्मस्ट्राँग यांच्याशी त्याचे नाते केवळ नामसाधर्म्याचे. परंतु चंद्रावरचा आर्मस्ट्राँग जगाला ठाऊक आहे आणि रेडिओचा आर्मस्ट्राँग मात्र आपण सारे रोज वापरत असूनही विस्मृतीत गेला आहे.

एडविनचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकी शाखेत होते, तर आईने लग्नापूर्वी शिक्षिका म्हणून काम केले होते. लहानपणी झालेल्या एका आजाराने मुलाच्या मानेला व खांद्याला कायमचा झटका बसला आणि दोन वर्षे शाळा बुडाली. एकांताची सवय लागली ती तेव्हापासून. पुढे कुटुंब हडसन नदीकाठच्या यॉंकर्स या गावी राहायला गेले. तिथल्या घराच्या माळ्यावर या अबोल मुलाने तारा, गुंडाळ्या आणि घरगुती उपकरणे यांचा पसारा मांडला. मार्कोनीच्या पराक्रमांनी भारलेल्या त्या पिढीतल्या अनेक मुलांना बिनतारी यंत्रांचे वेड होते. एडविनचे वेड मात्र वयाबरोबर ओसरले नाही. दूरचे क्षीण संदेश ऐकू यावेत म्हणून १९१० मध्ये त्याने अंगणात सुमारे १२५ फूट उंचीचा डोलखांब जवळजवळ एकट्याने उभारला. उंचावर चढण्याची भीती त्याला कधीच वाटली नाही. उलट तिथेच त्याला मोकळे वाटत असे.

कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकत असताना त्याच्या हाती ली डी फॉरेस्ट यांची ‘ऑडिऑन’ ही निर्वात नलिका आली. ही नलिका क्षीण संदेश पकडत असे. तथापि ती नेमकी कशी काम करते, हे तिच्या जनकालाही उलगडलेले नव्हते. विशीतल्या आर्मस्ट्राँगने ते चिकाटीने शोधून काढले आणि १९१२ मध्ये एक साधी पण विलक्षण युक्ती योजली. नलिकेतून बाहेर पडणारा संदेश पुन्हा तिच्याच तोंडी द्यायचा, म्हणजे तो फेऱ्यागणिक बळकट होत जातो. या युक्तीने दूरच्या केंद्रांचे संदेश खणखणीत ऐकू येऊ लागले. एवढेच नव्हे, तर तीच नलिका मर्यादेपलीकडे नेली असता स्वतःच लहरी निर्माण करू लागली. रेडिओचा ग्राहक आणि प्रक्षेपक दोन्ही एकाच शोधातून गवसले. पेटंटच्या खर्चासाठी वडिलांनी मात्र शिक्षण पूर्ण होईपर्यंत पैसे देण्यास नकार दिला. तेव्हा ३१ जानेवारी १९१३ रोजी आर्मस्ट्राँग यांनी आपली आकृती निदान साक्षांकित करून ठेवली. प्रत्यक्ष अर्ज त्यानंतर नऊ महिन्यांनी झाला. या विलंबाची किंमत त्यांना पुढे फार मोठी मोजावी लागली.

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये कॅप्टन म्हणून ते पॅरिसला गेले. तेथे त्यांच्याकडे जी कामे आली, त्यांत विमानांत रेडिओसंच बसवण्याचे कामही होते. लाकडी सांगाड्याच्या, थरथरणाऱ्या विमानात इंजिनाच्या ठिणग्यांमुळे रेडिओत सतत तडतड उठे. त्या काळात शत्रूच्या बॉम्बफेकी विमानांवर रात्री डागल्या जाणाऱ्या तोफा पाहताना आर्मस्ट्राँग यांच्या मनात एक विचार आला. ही तडतड हा उपद्रव असेलही, पण तिच्यावरून येणाऱ्या विमानाचा माग काढता येणार नाही काय? त्यासाठी अतिशय उच्च कंप्रतेच्या लहरी वाढवणे आवश्यक होते आणि तत्कालीन नलिकांना ते झेपत नव्हते. त्यावर त्यांनी १९१८ मध्ये उपाय काढला. बाहेरून येणाऱ्या लहरीत संचामध्येच निर्माण केलेली दुसरी लहर मिसळायची आणि दोघींच्या कंप्रतेतील फरकाइतकी जी तिसरी, कमी कंप्रतेची लहर मिळते, ती हवी तेवढी वाढवायची. दोन लहरी मिसळण्याची मूळ कल्पना फेसेंडेन यांची. फ्रान्समध्ये ल्युसिएन लेव्ही हेही त्याच दिशेने विचार करीत होते. परंतु या तत्त्वावर सर्वत्र चालणारा संच घडवला तो आर्मस्ट्राँग यांनी. विमानांचा माग काढण्याचा मूळ हेतू युद्ध संपल्यामुळे मागे पडला. तथापि ‘सुपरहेटरोडाइन’ नावाचा हा संच पुढे घरोघरच्या रेडिओचा, दूरचित्रवाणीचा, रडारचा आणि वैमानिकांच्या संभाषणयंत्रांचा पाया ठरला. फ्रान्सने त्यांचा ‘लिजन ऑफ ऑनर’ देऊन गौरव केला आणि मेजर ही पदवी त्यांच्या नावाला कायमची चिकटली.

मायदेशी परतल्यावर लक्ष्मी प्रसन्न झाली. आपली पेटंटे त्यांनी वेस्टिंगहाउस कंपनीला ३ लाख ३५ हजार डॉलर्सना दिली. नंतरच्या एका शोधाच्या मोबदल्यात रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका, म्हणजेच ‘आरसीए’, या बलाढ्य कंपनीचे ते सर्वांत मोठे वैयक्तिक भागधारक बनले. कंपनीचे उगवते नेते डेव्हिड सार्नॉफ हे त्यांचे मित्र. सार्नॉफ यांची चिटणीस मॅरियन मॅकिनिस हिच्या प्रेमात पडलेल्या आर्मस्ट्राँग यांनी १९२३ मध्ये आरसीएच्या न्यूयॉर्कमधील इमारतीवरचा मनोरा चढून त्याच्या अगदी टोकावर कसरती केल्या आणि त्याची छायाचित्रे मॅरियनला पाठवली. सार्नॉफ संतापले. मॅरियनने मात्र त्याच वर्षी त्यांच्याशी विवाह केला. लग्नाची भेट म्हणून तिला मिळाला तो हातात धरून नेता येईल असा, त्या जातीचा पहिलाच सुपरहेटरोडाइन रेडिओ!

दरम्यान डी फॉरेस्ट यांनी पुनर्भरणाच्या त्या पहिल्या शोधावर आपला हक्क सांगितला होता. खटला वीस वर्षे या न्यायालयातून त्या न्यायालयात फिरला. आरंभी निकाल आर्मस्ट्राँग यांच्या बाजूने लागले, मग उलटले. अखेर १९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्ट यांच्या पारड्यात माप टाकले. अभियंत्यांच्या जगाला मात्र हा निर्णय मानवला नाही. १९१७ मध्ये रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने आपले पहिले सन्मानपदक आर्मस्ट्राँग यांना दिले होते. न्यायालयाने शोध आपला नाही असे ठरवल्यावर ते पदक जवळ ठेवणे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटले आणि ते परत करण्यासाठी ते संस्थेच्या अधिवेशनाला गेले. संस्थेने ते परत घेण्यास ठाम नकार दिला. सहव्यावसायिकांच्या त्या सभेने दिलेला न्याय त्यांना आयुष्यभर पुरला. न्यायालयाचा घाव मात्र भरला नाही.

पण तोवर त्यांच्या हाती त्याहून मोठे काहीतरी आलेले होते. विद्यार्थिदशेनंतर लगेचच त्यांनी आपले गुरू मायकेल प्युपिन यांच्यासह रेडिओतील खरखर घालवण्याचे प्रयत्न सुरू केले होते. वर्षानुवर्षे त्यांना अपयश येत होते. नामवंत शास्त्रज्ञांनी तर हा रोग असाध्य ठरवला होता. अडचण अशी होती, की त्या वेळचा रेडिओ आवाजाचे चढउतार लहरीच्या उंचीत साठवत असे. यालाच आपण ‘एएम’ म्हणतो. वीजही लहरीची उंचीच बिघडवते. साहजिकच संच बिचारा निवेदकाचा आवाज कोणता आणि विजेची करामत कोणती, हे ओळखू शकत नसे. आर्मस्ट्राँग यांनी उंचीचा नादच सोडून दिला. लहरीची उंची कायम ठेवायची आणि आवाजानुसार तिची कंप्रता कमी-अधिक करायची. मग विजेने लहरीच्या उंचीत कितीही उलथापालथ केली तरी संचाने ती सरसकट छाटून टाकायची. कल्पना तशी जुनी होती आणि गणिताने ती निरुपयोगी ठरवलेली होती. कारण सगळे जण अरुंद पट्टा वापरत होते. पट्टा जितका अरुंद तितकी खरखर कमी, हे तेव्हाचे शास्त्रवचन. आर्मस्ट्राँग यांनी नेमके उलट केले आणि पट्टा एएमच्या कित्येक पटींनी रुंद केला. खरखर जवळपास नाहीशी झाली! २६ डिसेंबर १९३३ रोजी ‘एफएम’ची पेटंटे त्यांच्या नावावर नोंदली गेली.

सार्नॉफ यांना खरखर घालवणारे एखादे छोटेसे उपकरण हवे होते. त्यांच्यापुढे आली ती अवघा रेडिओ उद्योग उलटापालटा करणारी नवी पद्धत. तरीही त्यांनी एम्पायर स्टेट इमारतीच्या माथ्यावर प्रयोगाला जागा दिली. १९३४ च्या उन्हाळ्यात तेथून निघालेला आवाज सुमारे ११० किलोमीटरवरील वेस्टहॅम्प्टन येथे निर्मळपणे ऐकू आला. वादळात एएम केंद्रे खरखरीत बुडून जात, तेव्हाही एफएम स्वच्छ राही. पुढच्याच वर्षी आरसीएने दूरचित्रवाणीच्या चाचण्यांसाठी ती जागा परत मागितली. आर्मस्ट्राँग यांनी मग ५ नोव्हेंबर १९३५ रोजी अभियंत्यांच्या सभेत जाहीर प्रात्यक्षिक केले. पेल्यात पाणी ओतल्याचा, कागद चुरगळल्याचा आवाज यॉंकर्समधून हवेवाटे आला, तो जणू शेजारच्या खोलीतून यावा तसा. योगायोग असा, की त्यानंतर महिनाभरातच, १ डिसेंबर १९३५ रोजी, हडसनच्या पलीकडे काही अंतरावर नेवार्क येथे विमान कंपन्यांनी अमेरिकेतील पहिले हवाई मार्ग नियंत्रण केंद्र सुरू केले. खरखरीवरचा इलाज आणि खरखरीचा सर्वांत मोठा धोका ज्यांना, असे दोघे एकमेकांच्या शेजारी जन्मले होते.

आरसीएने पाठ फिरवल्यावर आर्मस्ट्राँग यांनी आपले भाग विकले आणि न्यू जर्सीतील आल्पाइन येथे ४२५ फुटी मनोरा उभारून स्वतःचे एफएम केंद्र चालवले. दुसऱ्या महायुद्धात धावत्या रणगाड्यांतून एफएमने खणखणीत संभाषण घडवले. आर्मस्ट्राँग यांनी सैन्याकडून आपल्या पेटंटांचा एक डॉलरही घेतला नाही. युद्ध संपताना मात्र सरकारी आयोगाने १९४५ मध्ये एफएमचा पट्टाच बदलून आजच्या ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर नेला. लोकांकडचे लाखो संच निकामी झाले आणि बाळसे धरू पाहणारी केंद्रे कोलमडली. इतर काही कंपन्या नियमाने मानधन देत होत्या. आरसीएने एकरकमी दहा लाख डॉलर्स देऊ केले होते, पण इतरांप्रमाणे विक्रीमागे मानधन देण्यास ती तयार नव्हती. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा न्याय लावणे आर्मस्ट्राँग यांच्या स्वभावात नव्हते. १९४८ मध्ये त्यांनी दावा दाखल केला.

जुन्या मित्राच्या कंपनीविरुद्धचा हा दावा त्यांना पोखरत गेला. साक्षी, उलटतपासण्या, तहकुबी यांत वर्षे सरली, पैसा सरला, पेटंटांच्या मुदतीही संपल्या. प्रयोगशाळेत रमणारा माणूस रात्रंदिवस कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात बुडाला. तडजोड करावी असे सुचवणाऱ्या पत्नीशी १९५३ च्या नोव्हेंबरात त्यांचे कडाक्याचे भांडण झाले. त्यांनी तिच्यावर हात उगारला आणि ती बहिणीकडे निघून गेली. पश्चात्तापाने आणि एकटेपणाने खचलेल्या आर्मस्ट्राँग यांनी ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री आपले जीवन संपवले. पहिली आकृती साक्षांकित केली त्याला त्या दिवशी बरोबर ४१ वर्षे पूर्ण झाली होती. त्याच वर्षाअखेर आरसीएने सुमारे दहा लाख डॉलर्स देऊन प्रकरण मिटवले. उरलेले खटले मॅरियन यांनी नेटाने लढवले आणि १९६७ पर्यंत सर्व जिंकले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९७७ मध्ये, मद्रासला आकाशवाणीने भारतातील पहिली एफएम सेवा सुरू केली.

आता एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट. वादळी हवेतील खरखर घालवणारा हा इलाज हवाई वाहतूक नियंत्रणाने स्वीकारला असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात आजही विमानतळाचा मनोरा आणि वैमानिक यांच्यातले संभाषण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, परंतु एएम पद्धतीनेच चालते. कंप्रता उच्च असल्याने तेथे विजेचा उपद्रव मुळातच कमी असतो. एएमच टिकून राहण्यात जुन्या यंत्रणेचा वारसा जसा आहे, तसे सुरक्षिततेचे एक कारणही आहे. एफएममध्ये दोन जण एकाच वेळी बोलले, तर बलवान आवाज दुसऱ्याला पार गिळून टाकतो आणि कोणी गिळले गेले याची खबरही लागत नाही. एएममध्ये अशा वेळी तीव्र शीळ उमटते. दोन लहरींच्या कंप्रतेतील फरकाची ही शीळ, म्हणजे आर्मस्ट्राँग यांनी सुपरहेटरोडाइनमध्ये कामाला जुंपलेले तेच तत्त्व! कोणीतरी आणखी बोलते आहे, एवढा इशारा तरी ती देते.

इशारा मिळणे आणि तो समजणे यांत किती अंतर असते, हे २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील टेनेरिफ येथे दिसले. धावपट्टीवर ढग उतरले होते. केएलएम आणि पॅन अ‍ॅम यांची दोन जंबो विमाने एकमेकांना दिसत नव्हती आणि मनोऱ्यालाही ती दिसत नव्हती. डोळ्यांचे काम सर्वस्वी रेडिओवर आले होते. मनोऱ्याने केएलएमला थांबून राहण्यास सांगितले, त्याच क्षणी पॅन अ‍ॅमनेही आपण अजून धावपट्टीवर असल्याचे कळवले. दोन्ही संदेश एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कक्षात ऐकू आली ती बहुतांशी शीळच. क्षणभराने आलेल्या दुसऱ्या संदेशावरून विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली, पण ती झटकली गेली. ५८३ जण प्राणास मुकले. त्यानंतर जगभर वैमानिक आणि नियंत्रक यांच्या बोलण्याचे ठरावीक शब्द अधिक काटेकोर झाले आणि उड्डाणाची परवानगी देण्याखेरीज इतरत्र ‘टेकऑफ’ हा शब्द वर्ज्य झाला.

खरखर सर्वस्वी संपलेली नाही. उच्च कंप्रतेच्या लहरी सरळ रेषेत जात असल्याने भर समुद्रावर त्या पोहोचत नाहीत. मुंबईच्या नियंत्रण क्षेत्रात अरबी समुद्राचा फार मोठा भाग येतो. तेथील विमानांशी उपग्रहामार्गे लिखित संदेशांची देवाणघेवाण होते, तशीच लांब पल्ल्याच्या लघुलहरींचीही सोय ठेवलेली आहे आणि ऐन मोसमी वादळात तिच्यावर वीज आजही आपला हक्क बजावते. मात्र या लहरी पकडणारे विमानातील व जमिनीवरील संच शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये सुचलेल्या तत्त्वाचेच वारसदार आहेत.

आर्मस्ट्राँग यांची शोकांतिका नेमकी येथेच आहे. आकाशातील गोंगाटातून हवा तो आवाज कसा वेगळा काढावा, हे त्यांच्याइतके कोणालाच उमगले नव्हते. व्यवहाराच्या जगातील गोंगाट छाटून टाकणे मात्र त्यांना साधले नाही. ते प्रत्येक आरोपाला उत्तर देत राहिले, प्रत्येक अन्यायाशी अखेरपर्यंत भांडत राहिले. सत्य त्यांच्या बाजूने होते. ते सिद्ध होईपर्यंत ऐकायला ते स्वतःच उरले नाहीत.